सन्माननीय सदस्य जागेवर नाहीत

सर, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा माझा काही अधिकार नाही. विभागातल्या मॅडम तुमच्या आठवणींचा छोटा अंक काढणार आहेत. त्यात तुमच्याबरोबर सभागृहात बसलेले लोक लिहितील, तुमच्या हाताखाली शिकून प्राध्यापक झालेले लिहितील. मी तुमचा दोन वर्षांचा विद्यार्थी, आणि त्यानंतरचं सगळं वर्ष तुमच्याशी न बोललेला. तुमच्या मातीलासुद्धा मी नव्हतो. हे मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग तेच लिही." मी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा कागद फाडला. प्रत्येक वेळी पहिल्याच ओळीत 'थोर' हा शब्द येत होता. तुम्ही असता तर लाल पेनानं खोडला असता.

म्हणून तसलं काही लिहीत नाही. तुम्ही मला फसवलंत असं मला वाटत आलंय आणि आजही वाटतं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे कळतं. पण विशेषणं खोडल्यावर जे राहतं तेवढंच लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंय.

कॉलेजात आलो तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिलाच. प्राचार्य आणि प्राध्यापक यांतला फरकसुद्धा मी शिपायाला विचारला होता. तुमचा शनिवारचा तास म्हणजे काय प्रकार आहे हेही ठाऊक नव्हतं. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही आलात, डस्टर टेबलावर आपटलात, खडूचा ढग उडाला, आणि म्हणालात, "सभागृहाचं कामकाज सुरू होत आहे." मला वाटलं, सरांचं डोकं फिरलंय.

दर शनिवारी अकरा वाजता वर्गाची विधानसभा व्हायची. तुम्ही अध्यक्ष. एक बाक मंत्र्यांचा. आम्ही सगळे सन्माननीय सदस्य, नाव नाही, फक्त रोल नंबर. हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, 'जागेवर आहे' म्हणायचं. आणि प्रश्नाला नंबर पुकारला की सदस्य जागेवर पाहिजेच. नसला तर प्रश्न गेला. परत नाही. "जागेवर नसणाऱ्याचा प्रश्न मरतो," तुम्ही म्हणायचात, आणि फळ्यावरचा तो प्रश्न पुसून टाकायचात. तब्येत, लग्न, पाऊस, कसलीच सबब चालायची नाही.

मी पहिले तीन महिने तोंड उघडलं नाही. फक्त हजेरीला, "सत्तेचाळीस, जागेवर आहे."

तुम्ही आमदार म्हणून निवडून आलात ते त्याच वर्षी. निकालानंतरच्या शनिवारी आम्हाला वाटलं, आता कसले सर आणि कसला तास. अकराला तुम्ही दारात. कानामागं गुलाल तसाच. तासात बारा नंबरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सन्माननीय सदस्यांच्या कानामागं गुलाल शिल्लक आहे, हे खरे आहे काय?" तुम्ही अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठून मंत्र्यांच्या बाकावर गेलात आणि गंभीर चेहऱ्यानं उत्तर दिलंत, "हे अंशतः खरे आहे. पुसण्याची कार्यवाही सुरू आहे." नंतर पाच मिनिटं कुणाला काही ऐकू येत नव्हतं. मी इतका हसलो की शेजारचा पोरगा म्हणाला, "अरे, तुला आवाज हाय की!"

त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस जे सांगेल ते करायचं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

जोतिबाच्या डोंगराची ती चढण आठवते का? सगळा वर्ग घेऊन तुम्ही पायथ्यापासून चालत निघालात. अर्ध्या वाटेत धाप लागून एका दगडावर बसलात. खोबरं-गुलाल विकणाऱ्या मावशींनी ओळखलं.

"काय आमदार, देवाकडं मतं मागाय आलासा व्हय?"

"देवाला मत कुठलं, मावशी? मत तुमचं. देवाला नुसतं सांगाय आलोय."

"मग सांगा की, पण चढून तरी जावा! हितनं त्येला ऐकू जात न्हाय."

आम्ही हसत होतो, तुम्हीही. बाकीचे पुढे गेले, मी पाण्याची बाटली घेऊन तुमच्याजवळ थांबलो. तेव्हा तुम्ही आपणहून सांगितलंत. तुम्हीही घरातले पहिलेच. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात गुरुजींनी काही विचारलं, तुम्हाला उत्तर येत होतं, आणि तुम्ही उभे राहिला नाहीत. दुसऱ्यानं चुकीचं उत्तर दिलं, वर्ग पुढे गेला. "तीस-पस्तीस वर्षं झाली सत्तेचाळीस, ते उत्तर अजून माझ्या घशात आहे. म्हणून तुम्हाला उभं करतो मी." मी त्या वेळी फक्त "व्हय सर" म्हणालो. पण पुढच्याच शनिवारी मी पहिला प्रश्न विचारला. ग्रंथालय साडेचारलाच का बंद होतं, एवढाच. बाकाची कड धरून विचारला. तुम्ही 'शाबास' म्हणाला नाहीत. "उपप्रश्न?" एवढंच म्हणालात. मी उपप्रश्न तयार ठेवला नव्हता. "छापील उत्तर कागदाला बांधतं," तुम्ही म्हणालात, "उभं राहून विचारलेला उपप्रश्न माणसाला बांधतो. त्याशिवाय उठायचं नाही." हे वाक्य मी वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवलं. वही अजून आहे. मुखपृष्ठ मी फाडलं.

आता बसचं सांगतो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण अंक वाचणाऱ्यांना नाही.

आमची वाडी गडमुडशिंगीच्याही पुढे, आत. सकाळी सहा चाळीसची बस यायची आणि संध्याकाळी साडेपाचची परत आणायची. माझ्या दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. चार दिवस आम्ही फाट्यावर उभे राहिलो. मग कळलं, बंद केली. मी दुधाच्या टेम्पोत क्यानांच्या मधे बसून येऊ लागलो. माझी बहीण वैशाली त्या वर्षी अकरावीला होती. तिला टेम्पोत कोण बसवणार? आबा, आमचे वडील, म्हणाले, "बस सुरू झाली की जा." ते रागावून म्हणाले नाहीत. उद्या ऊन पडलं की कपडे वाळत घालू, अशा आवाजात म्हणाले. वैशूनं दप्तर खुंटीला अडकवलं.

एका शनिवारी टेम्पो पंक्चर झाला आणि मी अकरा-दहाला वर्गाच्या दारात पोचलो. माझ्याच प्रश्नाचा नंबर पुकारला जात होता. मी दारातून ओरडलो, "जागेवर आहे!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, माझ्या शर्टावरच्या दुधाच्या डागांकडेही बघितलंत, आणि वर्गाकडे तोंड करून म्हणालात, "सन्माननीय सदस्य जागेवर नाहीत. पुढचा प्रश्न." फळ्यावरचं पुसून टाकलंत. मी तसाच दारात उभा.

तास संपल्यावर तुम्ही बोलावलंत. "उशीर का?" मी सगळं सांगितलं, वैशूचंही. तुम्ही खिशातली डायरी काढलीत, मग परत ठेवलीत. "मी नाही लिहिणार. तू लिही. पुढच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकू. खराखुरा. सभागृहात मी उभा राहीन, पण वाक्य तुझं."

सर, त्या दिवशी टेम्पोत मी उभा राहून घरी गेलो. बसायचं सुचलंच नाही.

पहिला मसुदा आणला तो वाचताना तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात.

"'गोरगरीब, बिचाऱ्या मुलींवर घोर अन्याय'. गोरगरीब खोड."

खोडलं.

"बिचाऱ्या खोड. घोर खोड. अन्यायसुद्धा खोड."

"मग राहिलं काय सर?"

"बस राहिली. सहा चाळीसची."

सात वेळा लिहिला मी तो. 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात, मग 'हे खरे आहे काय', मग 'असल्यास', मग 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. वैशू घरोघर फिरली. बस बंद झाल्यामुळे कॉलेज सुटलेल्या मुलींची नावं तिनं एका वहीत लिहिली. नऊ झाली. स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी. तुम्ही ती वही बघून विचारलंत, "हे अक्षर कुणाचं?" "बहिणीचं." "चांगलं आहे. तुझ्यापेक्षा." उपप्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहायला लावलात: 'ही बस कोणत्या तारखेपासून सुरू करणार?' एवढाच. ती चिठ्ठी घडी करून तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवलीत आणि वरून हात दाबलात. मी बघितलं ते.

मग यादी छापून आली. तुम्ही फोनवर फोटो पाठवलात. 'गुरुवारी. तिसरा. बघ.' वर तुमचं नाव होतं आणि खाली माझी वाक्यं होती. आबांना वाचता येतं, पण त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

त्या गुरुवारी आमच्या दूध संस्थेच्या ऑफिसातल्या टीव्हीसमोर आमची अर्धी वाडी होती. संस्थेचे सेक्रेटरी तात्या खुर्चीत, आबा क्यानावर, बायका दारात, आणि वैशूसकट नऊच्या नऊ मुली मागच्या भिंतीला टेकून. मी सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं. लग्नाचं देतात तसं.

पहिला प्रश्न झाला. दुसरा चालू होता तेव्हा वैशूनं बोट दाखवलं. "दादा, सर हाईत की! त्यो बघ, खांबाजवळ." तुम्ही होतात. पांढरा शर्ट, हातात कागद. नऊ जणींनी तुम्हाला बघितलं. मग कॅमेरा मंत्र्यांवर गेला. मग अध्यक्षांवर. तिसरा प्रश्न पुकारला. तुमचं नाव घेतलं.

कॅमेरा तुमच्या जागेवर आला. जागा मोकळी होती.

"सन्माननीय सदस्य उपस्थित नाहीत. पुढचा प्रश्न."

पुरते पाच श्वाससुद्धा लागले नाहीत.

मला वाटलं, काहीतरी चुकलं. फोन आला असेल. चक्कर आली असेल. खरंच सर, मी मनातल्या मनात तुम्हाला आजारी पाडलं, म्हणजे तुमचा दोष राहू नये. मग चौथा प्रश्न सुरू झाला आणि कॅमेरा फिरला, तर तुम्ही जागेवर. खांबाजवळ. चष्मा पुसत होतात.

तात्या म्हणाले, "काय रं, तुझं सर बरोबर टायमाला लघवीला गेलतं व्हय?" सगळे हसले. हसणारच. मीही हसलो असतो, दुसऱ्या कुणाचे सर असते तर. मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. आबा क्यानावरून उठले. "चला, म्हशी सोडायच्यात." वैशूनं वही मिटली. तिच्या कॉलेजचा विषय आमच्या घरात त्या क्षणी संपला.

शनिवारी मी वर्गात आलो नाही. तासाआधीच राजारामपुरीत तुमच्या घरी आलो. व्हरांड्यात अर्ज घेऊन माणसं बसली होती. तुम्ही मला बघितलंत आणि लगेच उठलात. "सत्तेचाळीस, आत ये."

मी सांगून टाकलं, की तुम्ही उठून गेलात हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. तुम्ही नाकारलं नाहीत. नाकारलं असतंत तर बरं झालं असतं, मी विश्वास ठेवला असता.

"आदल्या दिवशी मंत्र्यांनी बोलावलं होतं," तुम्ही म्हणालात. "आपल्याच बाजूचे आहेत. म्हणाले, सभागृहात नको, बसचं मी बघतो. मी ऐकलं. एका प्रश्नापायी माणूस तुटला की दहा कामं अडतात रे."

"बघितलं का मग त्यांनी?"

"बघतायत."

"तारीख सांगितली?"

तुम्ही चष्मा काढून पुसायला लागलात. तो माझा उपप्रश्न होता, सर. तुमच्या खिशातला. तुम्हाला तो मंत्र्यांना विचारायचा होता आणि मी तो तुम्हाला विचारत होतो.

"मला पोरासारखा आहेस," तुम्ही म्हणालात, "म्हणून सांगतो. कधी कधी जागा सोडणं हेसुद्धा काम असतं."

"मग आम्हाला वेगळं का शिकवलंत?"

यावर तुम्ही काहीतरी म्हणायला तोंड उघडलंत, आणि बाहेरून कुणीतरी हाक मारली. तेवढ्यावर आपलं भांडण राहिलं. मी त्या वाक्याची नंतर वर्षभर वाट बघितली, आणि वाट बघत नाही असं स्वतःला सांगितलं.

मी निघालो तेव्हा तुम्ही टेबलावरचा एक लिफाफा पुढे केलात. शहरातल्या मुलींच्या वसतिगृहासाठी पत्र होतं, वैशूच्या नावानं. तुम्ही तिचं पूर्ण नाव लक्षात ठेवलं होतं. मी लिफाफा टेबलावर परत ठेवला आणि म्हणालो, "एकीची जागा नको सर. नऊ जणींची बस पाहिजे."

"घरी विचार. मग सांग."

"विचारायचं काय त्यात?"

'नऊ जणींची बस पाहिजे' हे वाक्य मला फार आवडलं होतं. टेम्पोत बसून मी ते दोन-तीनदा पुटपुटलो. घरी जाऊन सांगितलंही, छाती काढून. वैशू दारात क्यान घासत होती. तिचा हात थांबला.

"मला विचारलास?"

"अगं, एकटीला घेऊन काय..."

"त्या आठ जणींनी सांगितलतं तुला, वैशूला पाठवू नको म्हणून?"

"तसं न्हवं..."

"सर न विचारता उठून गेलं. तूबी न विचारता न्हाय म्हणून आलास." ती परत घासायला लागली. "त्येंच्याच वर्गातला हाईस, शोभतोस."

सर, हे लिहायला मला सगळ्यांत जड गेलं. तुमच्यावरचा राग मला परवडत होता. हे परवडत नव्हतं. म्हणून मी सगळा राग तुमच्याकडेच वळवला. वर्गाच्या व्हाट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. शनिवारी येणं बंद केलं. घरात सांगितलं, "ह्या घरात त्यांचं नाव काढायचं न्हाय." तुमचे दोन फोन आले, घेतले नाहीत. तिसरा आला नाही, त्याचाही राग आला.

महिन्याभरानं ग्रंथालयात छापील उत्तरं बघितली. न विचारलेल्या प्रश्नांचीसुद्धा उत्तरं छापतात, हे तुम्हीच सांगितलं होतं. (१) हे अंशतः खरे आहे. (२) मार्गाचा आढावा घेण्यात येत आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही. मी तिसरं उत्तर बराच वेळ वाचत बसलो. बस आजही आलेली नाही. आढावा अजून चालू असेल.

तरीही, तुमच्यामुळे मला काय मिळालं ते नाकारत नाही. मागच्या महिन्यात ग्रामसभेत मी उभा राहिलो. माईक नव्हता, धरायला बाक नव्हता. बसचाच विषय. तात्यांसकट सगळे ऐकत होते. विशेषण एकही वापरलं नाही. आणि बोलत असताना माझ्या लक्षात आलं, मी डावा हात तुमच्यासारखा पाठीमागं धरलाय. सोडवून घेतला, पण दोन मिनिटांनी परत तिथंच गेला. ज्या माणसानं उभं राहायला शिकवलं, त्याच माणसावर उभ्या-उभ्या चिडायचं, हे कसं करायचं ते मात्र तुम्ही शिकवलं नव्हतं.

कधीतरी शनिवारी अचानक येऊन दारात उभं राहायचं, असं मी ठरवलं होतं. माफ करायला नाही. ते राहिलेलं वाक्य काढून घ्यायला. परीक्षा झाली की, दुधाच्या कामातून मोकळा झालो की, असं करत गेलो. तुम्ही आजारी आहात हे मला कुणी सांगितलं नाही. सांगणारे सगळे त्या ग्रुपवर होते.

बातमी मला दोन दिवस उशिरा कळली. सकाळी दूध घालायला गेलो, तर तात्या पेपर वाचत होते. त्यांनी पेपर माझ्यापुढं केला. या वेळी चेष्टा केली नाही. "तुझं सर वारलं की रं. आज रक्षाविसर्जन हाय. जाऊन ये." आबांनी माझ्या हातातलं क्यान घेतलं. मी होतो त्याच कपड्यांवर टेम्पोत बसलो.

घाटावर खूप गर्दी होती. भाषणं झाली. एकानं सांगितलं, की तुम्ही सभागृहात एकदाही गैरहजर राहिला नाहीत. लोक माना डोलवत होते. माझ्या तोंडात शब्द आला होता, सर. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी तुमच्या आला होता तसाच. तिथं बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून गिळला. बारा नंबरची मुलगी भेटली. म्हणाली, "तू कुठं होतास वर्षभर?" मी म्हणालो, "हितंच."

संध्याकाळी घरी आलो. वैशू चुलीपुढं पुस्तक घेऊन बसली होती. ती बारावीला बाहेरून बसतेय, फॉर्म तिचा तिनंच भरला, मला विचारलं नाही. मला अंघोळीचं पाणी काढून दिलं. अंघोळ करून आलो, तर ती तशीच उभी.

"दादा, एक सांगायचं हाय. मी सरांकडं गेलतो." आमच्याकडे मुलीही गेलतोच म्हणतात.

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी. आईचा गुडघा दाखवाय राजारामपुरीत गेलताव बघ. आई डॉक्टरकडं नंबर लावून बसली, मी दोन गल्ल्या सोडून गेलो. सर खिडकीजवळ बसलं होतं, शाल घेऊन. लई वाळलं होतं. नाव सांगितलं, तर म्हणालं, 'अक्षर चांगलं आहे तुझं.'"

मी खाली बसलो.

"मग मी विचारलं. तू लिहिलतास तसंच. तिसऱ्या प्रश्नाला तुम्ही मुद्दाम उठून गेला, हे खरे आहे काय?"

"असं विचारलंस?"

"मग कसं विचारायचं? 'खरे आहे' म्हणालं. अंशतः-बिंशतः काय न्हाय. कारणं सांगाय लागलं आणि मधेच थांबलं. म्हणालं, 'ती तुझ्या भावाला सांगून झालीत. त्याला पटली नाहीत. बरोबर केलं त्यानं.'"

"आणि हे आज सांगतीस तू? इतक्या दिवसांनी?"

"तूच म्हणलतास, ह्या घरात त्यांचं नाव काढायचं न्हाय." तिनं ओढणीनं डोळे पुसले, मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला निरोप होता त्यांचा."

"काय?"

"म्हणालं, त्याला सांग, शनिवारी अकरा वाजता मी जागेवर आहे."